लाल दोऱ्याचा तांब्या

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी आमच्या गावची दीडदोनशे माणसं मारुतीच्या पारासमोर रांगेत उभी होती आणि सगळ्यांनी ओठ पुढे काढले होते. म्हातारे, लेकुरवाळ्या, कॉलेजात जाणाऱ्या पोरी, झाडून सगळे. एरवी हसू आलं असतं, पण कोणी हसत नव्हतं. पारावर वाचासिद्ध महाराज बसले होते. पुढ्यात एक चांदीची डबी, बाजूला पाण्याने भरलेले दोन तांबे आणि लिंबांची परडी. महाराज डबीत बोट बुडवायचे, पुढच्या माणसाच्या ओठांवर पिवळा मलम चोळायचे, तांब्यात कापूस बुडवून ओठ पुसायचे आणि ओरडायचे, "सोनं!" मग तेच बोट पुन्हा डबीत आणि तिथून पुढच्या ओठांवर.

"ओठ म्हणजे वाचेचा उंबरठा," महाराज सांगत होते. आवाज खणखणीत, भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी. "उंबरठा फाटला, समझो घर में चोर घुसा. तुमच्या गावात कोणीतरी वाचेची करणी केली आहे. सच्च्याचा ओठ सोनं दाखवील, खोट्याचा ओठ खून दाखवील. मैं कुछ नहीं करता, मलम करता है."

मी या गावाच्या उपकेंद्रात सिस्टर आहे. लोणारहून डोणगावकडे जाताना फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. चौदा वर्षांत इथली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली. आणि त्या दिवशी मीसुद्धा रांगेत उभी होते. उगाच कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं, असं मनाला सांगितलं होतं. माझ्याही ओठांवर ते बोट फिरलं. कापराचा थंडगार झोत नाकात गेला, "सोनं" झालं आणि मी रुमालाने तोंड पुसत बाजूला सरकले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना मला मोठं शहाणं व्हायचं नाही.

आता हे ओठांचं प्रकरण निघालं कुठून, ते सांगते. आमच्याकडे हरभरा सोंगतात, म्हणजे कापतात, तो पहाटे, दव असताना. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणे मातीत जातात. पण हरभऱ्याच्या झाडावर आंब असते, जीभ लावली तर दात आंबतील अशी. दवात ती ओली होऊन बायांच्या हातांना लागते. घाम पुसायला, पदर सारखा करायला तोच हात तोंडावर जातो. वरून फेब्रुवारीचा कोरडा वारा, दहानंतर उघड्या वावरातलं ऊन, आणि ओठ कोरडा पडला की त्यावरून जीभ फिरवायची सवय. थुंकीने ओलावा येतो असं वाटतं, पण ती वाळताना ओठाचा उरलासुरला ओलावाही घेऊन जाते. यंदा थंडी लांबली, वारा जास्त सुटला आणि गावातले मोठे शेतकरी रंगराव यांच्या वावरातल्या मजूर टोळीतल्या अकराही बायांचे ओठ असे फाटले की भाकरीचा घास घेताना रक्त यायचं.

नाही, अकरा नाही. दहा. अकरावी तानाबाई. तिचे ओठ चांगले होते.

तानाबाई पंचावन्नच्या पुढची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. उन्हाळ्यात लोकांचे पापड लाटून द्यायची, एरवी वावरात. दोन वर्षांपूर्वी तिच्या खालच्या ओठावर पांढरट खपली धरली होती आणि ती काही केल्या जाईना. मीच तिला बुलढाण्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी सांगितलं, उन्हाने ओठ पोळलाय, आता जपलं नाही तर हेच पुढे वाईट वळण घेईल. त्यांनी एक ओठांना लावायची कांडी लिहून दिली, लिप बाम म्हणतात ती, उन्हापासून वाचवणारी. रंग नाही, वास नाही, कापूर-पुदिना काही नाही. वावरात जायच्या आधी लावायची, मग दर दोन तासांनी, आणि भाकर खाल्ल्यावर पुन्हा. हात धुऊन लावायची. बाहेर पडताना तोंडाला फडकं बांधायचं. आणि मी वरून बजावलं होतं, "तानाबाई, ही कोणाला द्यायची नाही हं. एकाची कांडी दुसऱ्याने लावली की ओठावरचे फोड एकमेकांना लागतात."

तिने ते माझ्या सांगण्यापेक्षाही जास्त पाळलं. कोणाला दिली तर नाहीच, कोणाला दाखवलीही नाही. कारण कांडी दिसायला लिपस्टिकसारखी. विधवा बाई, तीही म्हातारी, तिच्या चंचीत लिपस्टिक सापडली तर गाव काय बोलेल, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून ती धुऱ्यापलीकडे, बांधाआड जायची, पाठ फिरवायची, पटकन लावायची आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसे ओठावर ओठ घासायची.

लांबून बायांना एवढंच दिसायचं की तानाबाई पाठमोरी होऊन काहीतरी पुटपुटते.

दहा जणींचे ओठ रक्ताळलेले, एकीचे धड. ती एकटी जाऊन पुटपुटते. आमच्या गावाला एवढं पुरेसं होतं. बायांनी वावरात यायचं नाकारलं, रंगरावांचा हरभरा उभ्या उभ्या तडकू लागला, आणि रंगरावांनी कुठल्याशा पाहुण्याच्या ओळखीने महाराजांना आणलं. महाराज दोन दिवस आधीच येऊन मंदिराच्या खोलीत राहिले होते. दोन दिवसांत गावात कोणाबद्दल काय बोललं जातं, हे समजायला सिद्धी लागत नाही. चहाच्या टपरीवर बसलं तरी कळतं.

रांगेत तानाबाई शेवटची होती. ती स्वतःहून आली नव्हती, तिला आणली होती.

"लाव ओठ पुढं," रंगराव म्हणाले. "खरं असशील तर भ्याचं काय कारण हाय?"

"मी कोठी भेऊन राह्यली?" तानाबाई म्हणाली. "पन माह्या चंचीले हात काऊन लावून राह्यले तुमी?"

चंची एका बाईने आधीच हिसकावली होती. त्यातून कांडी निघाली. महाराजांनी ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि एक शब्द न बोलता परडीजवळ ठेवली. लोक आपोआप मागे सरकले. मग महाराजांनी तिच्या ओठांना मलम लावला, कापूस घेतला, तांब्यात बुडवला आणि पुसला.

तानाबाईचे ओठ लालभडक झाले. कापूसही लाल झाला. माझ्या शेजारच्या बाईने पोराचे डोळे झाकले.

"खून!" महाराज म्हणाले.

त्या गलक्यात तानाबाई काहीतरी बोलली. मोठ्याने नाही, ती कधीच मोठ्याने बोलत नसे. पण मी तिच्यापासून चार हातांवर होते. ती म्हणाली, "हे पानी खारीचं हाये." तिने जिभेने ओठ चाटून पुन्हा पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, पानी खारीचं हाये."

मी ऐकलं आणि खाली बघितलं. एवढ्या लोकांत एकटीने काय बोलायचं, आता वातावरण तापलंय, संध्याकाळी रंगरावांना घरी गाठून समजावू, असा विचार केला. गप्प बसायला माणसाला कारणं फार पटकन सापडतात.

तिला हातपंपावर यायला बंदी झाली. टोळीतून नाव गेलं. मंगळवारी पुन्हा बैठक बसेल, कोणी तिची साथीदार असेल तर तीही सापडेल, असं महाराजांनी सांगितलं. कांडी परडीतल्या एका लिंबासोबत कडुनिंबाखाली पुरली. संध्याकाळी मी तिच्या दाराशी गेले, तर तिने दार उघडलं नाही. सोमवारी सकाळी दाराला कुलूप होतं.

मी आधी विहिरीत डोकावले. गावातल्या दोन्ही विहिरी पाहिल्या, मग तळ्याकडे गेले. परत येताना तानाबाईच्या शेजारची मनकर्णाबाई भेटली. म्हणाली, "पहिल्या एसटीनं गेली ते. लेकीकडं, धाड गावाले. मले म्हने, माह्या कोंबड्याले दाने टाकजो." मी तिथेच ओट्यावर बसले. मनकर्णाबाई टोळीतलीच. तिचेही ओठ फाटलेले, आणि आता वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर पाण्याचे बारीक फोड आले होते. टोळीतल्या आणखी तिघींना तसेच आले होते. त्या कापराच्या मलमाचा प्रसाद.

घरी येऊन मी रविवारचे कपडे धुवायला काढले. त्यात तो रुमाल होता, मलमाचा पिवळा डाग पडलेला. साबण लावला आणि डाग लाल झाला.

लग्नात हळदीच्या दिवशी घातलेली साडी धुताना, वरणाचा डाग साबणाने काढताना मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. या गावातल्या प्रत्येक बाईने पाहिलं होतं. हळदीवर साबण, चुना, सोडा किंवा पापडखार पडला की ती लाल होते. आमच्या आज्या हळदीचं कुंकू करायच्या ते काही वेगळं नव्हतं. आणि पापड लाटून हात झिजवलेल्या तानाबाईने ओठावरच्या एका थेंबात खार ओळखला होता.

मी हबीबचाचांच्या किराणा दुकानात गेले आणि पावशेर पापडखार मागितला.

"सिस्टर, तुमी बी?" हबीबचाचा म्हणाले. "अभी तो पापड का टाइम भी नहीं हुआ. परवा ते महाराज अर्धा किलो घेऊन गेले. मी म्हनलं, साधू आदमी, पापड कोनाले खिलाऊन राह्यला?"

"हेच मंगळवारी सगळ्यांपुढे सांगाल का?"

चाचांनी खार काट्यावर टाकला. "मेरे को धंदा करना है इसी गांव में," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुडी बांधताना म्हणाले, "तानाबाई मेरी बेटी की शादी में रातभर पोळ्या लाटत होती. सांगतो. होऊ दे काय व्हायचं ते."

मंगळवारी पुन्हा गर्दी जमली, पण ती आता उत्साहाची नव्हती, भेदरलेली होती. कोणाचं नाव निघेल सांगता येत नव्हतं. मनकर्णाबाईची सून काजल रडवेली झाली होती, कारण तानाबाईशी ती दोनदा बोलताना दिसली होती. मी रांगेत न थांबता सरळ पारावर चढले. सोबत घरचा तांब्या, हळदीची वाटी, लोण्याचा गोळा आणि पुडी.

"हळद मनकर्णाबाईच्या घरची. पाणी हातपंपाचं, आत्ता काजलने भरलंय," मी म्हणाले. हळद लोण्यात कालवून माझ्या ओठांना लावली. पुडीतला खार सगळ्यांदेखत पाण्यात टाकला, कापूस बुडवला आणि ओठ पुसले. समोरच्या बायांच्या चेहऱ्यांवरून कळलं की रंग आला आहे.

महाराज कच्चे नव्हते. ते खो खो हसले. "देखा? सिस्टर झूठी निकली. मलम लगे या हल्दी, झूठ छुपता नहीं."

लोकही हसले. पण मला नेमकं तेच हवं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "रविवारी मी खोटीच वागले. तानाबाईने मला सांगितलं की पाणी खारीचं आहे आणि मी गप्प बसले. पण आता गावातला सगळ्यात खरा माणूस घेऊ. रंगरावजी, तुम्ही बसा. मलम महाराजांचा, पाणी महाराजांचं. तांब्या मात्र मी निवडणार." आणि मी बोट दाखवलं. महाराजांचे दोन्ही तांबे सारखे होते, फक्त एकाच्या गळ्याला लाल दोरा होता. रविवारी तानाबाईची पाळी आली तेव्हाच कापूस त्या तांब्यात बुडाला होता. त्याआधी दीडदोनशे वेळा दुसऱ्यात. मी हे पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावायचे कष्ट घेतले नव्हते.

महाराजांचा हात तांब्याकडे गेला, पण मनकर्णाबाई त्यांच्याआधी पोहोचली. तांब्या तिने पोटाशी धरला.

"हात नोका लावू," ती म्हणाली. "माह्या सुनेचं नाव काढाले बसले तुमी. आता पाह्यूच द्या."

"लावा," रंगराव म्हणाले. ते गर्विष्ठ होते, पण भित्रे नव्हते. "म्या आजवर कोनाशी खोटं बोललो नाई. लावा."

मलम लावला. लाल दोऱ्याच्या तांब्यातल्या पाण्याने ओठ पुसले. रंगरावांना स्वतःचे ओठ दिसत नव्हते, पण समोर लोक कसे गप्प झाले ते दिसत होतं. त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि सोग्याकडे बघितलं.

"काऊन लाल झालं बे हे?" त्यांनी महाराजांना विचारलं.

महाराज काही बोलायच्या आत मनकर्णाबाईने परडीतलं लिंबू उचललं, दातांनी फोडलं आणि रंगरावांच्या ओठांवर पिळलं. खाराने पोळलेल्या ओठांवर लिंबू म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. रंगराव कळवळले. पण ओठ पुन्हा पिवळे झाले होते.

"झाले सोन्याचे," मनकर्णाबाई म्हणाली. "खारीनं लाल, लिंबानं पिवळे. इतली साधी गोष्ट, आन आपुन एका बाईले गावातून काढलं."

हबीबचाचांनी मागून उठून अर्ध्या किलोचं सांगितलं. मंदिराच्या खोलीत खाराची उरलेली पिशवी सापडली. महाराज गर्दीतून वाट काढत निघाले होते, त्यांना फाट्यावर अडवलं. मी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आणि रंगरावांनी साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवशी पारावरच मी बायांना सगळं सांगितलं. आंब कशी लागते, ऊन ओठ कसं पोळतं, कापराने थंड वाटतं पण ओठ आणखी कोरडा पडतो, खार कातडी खातो. कांडी लावा, ती ज्याची त्याने. लावल्यावर चुणचुणली तर बंद करा. जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर माझ्याकडे या. त्या ऐकत होत्या. पण कोणी काही विचारलं नाही, आणि कोणी तानाबाईचं नावही काढलं नाही. जत्रा मोडल्यावर जातात तसे लोक पांगले. युक्ती उघडी पडायला दहा मिनिटं लागली होती. लाज उघडी करायला मात्र कोणी थांबलं नाही.

शुक्रवारी मी धाडला गेले. तानाबाई लेकीच्या अंगणात तूर निवडत बसली होती, भर उन्हात, उघड्या तोंडाने. खालच्या ओठावर कोरडी साल दिसत होती. मी नवी कांडी तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. हळद, खार, दोरा, रंगरावांचे ओठ, लिंबू. मला वाटलं ती हसेल.

"रंगरावनं निरोप देल्ला काई?" तिने विचारलं.

"म्हणाले, टोळीत ये म्हणावं."

"अजून काई?"

"नाही," मी म्हणाले. तिने सुपातले दोन खडे काढून बाजूला टाकले.

"सिस्टर, मी तवाच बोलली होती ना, पानी खारीचं हाये म्हून?"

"हो."

"तुमी आयकलं होतं?"

"ऐकलं होतं."

तिने हात पदराला पुसले, मग उठून मोरीवर जाऊन धुतले. कांडीचं टोपण काढलं आणि लेकीसमोर, जावयासमोर, रस्त्याने जाणाऱ्या बायांसमोर ती सावकाश ओठांना लावली. पाठ फिरवली नाही. टोपण लावून कांडी चंचीत ठेवली. गावात कधी येणार, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "माह्या कोंबड्याले पाहत जा जरा."

म्हणून हे लिहिते आहे. मनगटावरून राख काढणारे, लिंबातून रक्त काढणारे आणि ओठांतून खोटं काढणारे आपल्याकडे येतच राहतील. त्यांना उघडं पाडायला मोठी विद्या लागत नाही. आपण रोज धुतो ते कपडे, रोज लावतो ती हळद आठवली तरी पुरते. दुसऱ्या तांब्यातलं पाणी मागा. ज्याच्यावर बोट आहे, तो काय म्हणतो ते ऐका, कारण पुष्कळदा खरं त्यालाच माहीत असतं. आणि विचारायचं असेल तर तेव्हाच, तिथेच, सगळ्यांसमोर विचारा. मी दोन दिवस उशिरा विचारलं. त्या दोन दिवसांत मी दोन विहिरींत डोकावून आले आहे.